शाळा, वर्तमानपत्र आणि गोमंतकाचें उदाहरण



गेल्या वैशाखांत आम्हांस गोमंतकांत जाण्याचा योग आला. फुलसावंगीहून तेथवर पोहोंचण्यास दीड दिवस लागला. परंतु पोहोंचल्यावर पहिली गोष्ट मनांत आली ती त्या राज्याच्या लहानपणाची. गोव्याचें क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, आणि आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्याचें १३,५८२. म्हणजे आपल्या जिल्ह्यांत तीन गोवे मावून वर आणखी बरीच जागा उरावी. २०११ च्या खानेसुमारींत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या किंचित् वर भरली, आणि यवतमाळ जिल्ह्याची साडेसत्तावीस लाखांच्या वर. असें असून त्या चिमुकल्या राज्यांतून मराठी, कोकणी व इंग्रजी अशा तीन भाषांत दैनिकें निघतात. आपल्या गांवीं दैनिक येतें तें बाहेरून, सकाळच्या गाडीनें, आणि पावसाळ्यांत गाडी अडली तर दुपारीं. हें पाहून कोणासहि वाटेल कीं, जेथें वर्तमानपत्रांची एवढी सुबत्ता आहे तेथील मुलें वाचनांत आपल्या पुष्कळ पुढें असलीं पाहिजेत. आम्हांसहि तसेंच वाटलें होतें.

डिचोलीस आमचे एक जुने स्नेही राहतात. त्यांच्याच घरीं आम्ही उतरलों होतों. घरांत सर्वांत वडील माणूस म्हणजे त्यांचे तीर्थरूप, वय ब्याऐंशी. नातवंडें त्यांना 'आजो' म्हणतात. त्यांचें शिक्षण पोर्तुगीज अमदानींत गांवांतल्या एका लहानशा मराठी शाळेंत झालेलें. तेव्हांपासून मराठी वर्तमानपत्र वाचल्यावांचून त्यांचा दिवस उजाडत नाहीं. परंतु अलीकडे डोळ्यांत मोतीबिंदु उतरल्यामुळें बारीक अक्षर दिसेनासें झालें आहे. त्या सकाळीं त्यांनीं नातवास हांक मारली आणि अग्रलेख पुढें करून म्हणाले, "मात्शें वाचून दाखय रे, पुता." मुलगा इंग्रजी शाळेंत नववींत शिकणारा, चुणचुणीत व विनयशील. तो लगेच खुर्ची ओढून बसला. पहिलें वाक्य त्यानें कसेंबसें पार पाडलें, दुसऱ्यांतील जोडाक्षरांवर तीनदां अडखळला, आणि तिसऱ्याशीं थांबून म्हणाला, "आजो, फोन तुका वाचून दाखयतलो." आजोंनीं पत्र हळूच त्याच्या हातांतून काढून घेतलें. "रावूं दी, पुता," एवढेंच ते बोलले. राहूं दे, असा त्याचा अर्थ. मग त्यांनीं पत्राची घडी केली व ती गुडघ्यावर ठेवून ते बाहेर रस्त्याकडे पाहत बसले.

तो मुलगा मंद होता असें कोणीं समजूं नये. त्याच दिवशीं संध्याकाळीं त्यानें आम्हांस इंग्रजींत चुंबकत्वाचा पाठ असा समजावून दिला कीं, आम्ही थक्क झालों. परंतु त्या घरांत बोलण्याची भाषा कोकणी, आजोंच्या वाचनाची मराठी आणि मुलाच्या शिक्षणाची इंग्रजी. एका छपराखालीं तीन वाटा. आणि आजोबा व नातू यांच्यामध्यें असलेला वर्तमानपत्राचा पूल त्या सकाळीं आमच्या डोळ्यांदेखत मोडला. त्या प्रसंगानें आमच्या मनांत जो विचार घोळूं लागला तोच या लेखांत मांडावयाचा आहे. तो विचार असा कीं, वर्तमानपत्राची भाषा व वाचक हीं छापखान्यांत ठरत नाहींत, तीं शाळेंत ठरतात. आणि शाळेनें आज जें केलें त्याचें फळ वर्तमानपत्रास वीस-पंचवीस वर्षांनीं भोगावें लागतें. गोव्याचा इतिहास लहान जागेंत मावणारा असल्यामुळें तेथें ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षां स्वच्छ दिसते.

हिंदुस्थानांत मुद्रणयंत्र प्रथम उतरलें तें गोव्याच्याच किनाऱ्यावर, १५५६ सालीं, आणि तें बसविलें गेलें जुन्या गोव्यांतील सेंट पॉल महाविद्यालयांत. मुद्रणाचा पाळणा शाळेंतच हलला ही गोष्ट शिक्षकांस अभिमानाची वाटावी अशी आहे. पुढें १५७९ सालीं फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थ आले. त्यांनीं येथील लोकांची भाषा इतक्या आवडीनें आत्मसात् केली कीं, त्यांचें 'ख्रिस्तपुराण' हें ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. नागरी अक्षरांचे खिळे नव्हते म्हणून तें रोमन अक्षरांत छापावें लागलें, हा भाग वेगळा. इतक्या शुभ आरंभानंतर त्या भूमींत घरोघर वाचन पोहोंचावयास हवें होतें. परंतु झालें उलट. १६८४ सालीं खुद्द राज्यकर्त्यांनीं फर्मान काढून लोकांनीं आपली भाषा सोडावी व पोर्तुगीज बोलावी असें ठरविलें. अठराव्या शतकाच्या मध्यास छापखानेहि थंडावले, ते १८२१ सालीं पुनः सुरू झाले, आणि तेव्हां जें पहिलें वृत्तपत्र निघालें तें सरकारचें 'गाझेता द गोवा'. १९६१ सालीं गोवा मुक्त झाला तेव्हां शंभर माणसांत लिहितां-वाचतां येणारीं माणसें तिसांच्या आसपास होतीं. यंत्र येऊन चारशें वर्षें उलटलीं होतीं. आज जे लोक म्हणतात कीं, गांवांत नवें यंत्र आलें म्हणजे ज्ञान आपोआप येईल, त्यांनीं हा हिशेब एकवार मनाशीं करून पाहावा.

मग जीं तीस माणसें वाचीत होतीं तीं कोणीं घडविलीं? कांहीं पोर्तुगीज शाळांनीं, यांत शंका नाहीं. परंतु हिंदु समाजांत जे वाचक निर्माण झाले ते बहुतांशीं लोकांनीं स्वतः चालविलेल्या खासगी मराठी शाळांतून. पणजी येथें १९०८ सालीं 'मुष्टिफंड' नांवाची संस्था निघाली. नांवाचा अर्थ उघड आहे. घरोघरच्या गृहिणीनें तांदूळ वैरतांना एक मूठ बाजूस काढावी, त्या मुठी गोळा करून विकाव्या आणि त्या पैशावर मुलांची शाळा चालवावी. (आपल्याकडे ज्वारीची मूठ म्हणतां आली असती.) राज्यकर्त्यांचें अनुदान नाहीं, सरकारी नोकरीची आशा नाहीं, कारण नोकरीची भाषा पोर्तुगीज, तरी आईबापांनीं मुलांस त्या शाळांत धाडलें. या शाळांमागून मराठी नियतकालिकें आलीं. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचें 'भारत' पत्र १९१२ पासून निघूं लागलें व सरकारच्या रोषास पात्र होत चाललें. पुढें सालाझारच्या राजवटींत सेन्सॉरचा वरवंटा असा फिरला कीं, लग्नपत्रिका छापावयाची तरी आधीं मंजुरी घ्यावी लागे! अशा स्थितींत वाचकांना वाचण्यासारखें थोडें आणि तेंहि गाळून-चाळून मिळे. परंतु वाचक तयार होता. तो बीजासारखा जमिनींत पडून राहिला.

येथें नभोवाणीचा एक प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण विद्यार्थ्यांस तो कादंबरीहून अधिक रम्य वाटेल. १९५५ च्या नोव्हेंबरपासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो या दोघांनीं गोव्याच्या सरहद्दीलगतच्या रानांतून, प्रथम आंबोली व मग कॅसलरॉक या बाजूनें, गुप्त नभोवाणी केंद्र चालविलें. नांव 'स्वातंत्र्याचा आवाज'. सहा वर्षें जंगलांत राहून हीं दोन माणसें सेन्सॉरनें दाबलेली बातमी गोव्यांतील घराघरांत पोहोंचवीत होतीं. गोवा मुक्त झाल्यावर १९ डिसेंबर १९६१ रोजीं त्यांनीं विमानांतून ध्वनिक्षेपकावर ती वार्ता सांगितली. पुढें त्यांचा विवाह झाला. आणि लिबियाबाईंस वयाच्या शंभरीनंतर, २०२५ सालीं, पद्मश्री देण्यांत आली. आमच्या विषयापुरती लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, या केंद्रावरून पोर्तुगीजबरोबर कोकणींतूनहि बोललें जाई. पोर्तुगीज ही ज्यांना उद्देशून बोलावयाचें त्या सत्ताधीशांची भाषा. कोकणी ही ज्यांना धीर द्यावयाचा त्या माणसांची. प्राण संकटांत घालून जे बोलतात ते ऐकणाऱ्यास समजेल अशाच भाषेंत बोलतात.

मुक्तीनंतर जमिनींतलें तें बीज तरारून वर आलें. १९६२ च्या मार्चमध्यें 'गोमन्तक' हें मराठी दैनिक निघालें; त्याचे पहिले संपादक बा. द. सातोस्कर. लगेच पुढल्या वर्षी 'नवहिंद टाइम्स' हें इंग्रजी व 'राष्ट्रमत' हें मराठी, अशीं दैनिकें आलीं. याच सुमारास मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारनें खेडोपाडीं प्राथमिक शाळा उघडण्याचा सपाटा लाविला, आणि त्यांतील बहुतेक मराठी होत्या.

यानंतर जो प्रसंग आला तो आमच्या मतें गोव्याच्या वृत्तपत्रेतिहासांत सर्वांत बोधप्रद होय. गोवा महाराष्ट्रांत विलीन व्हावा कीं स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावा, याचा निर्णय १६ जानेवारी १९६७ रोजीं सार्वत्रिक मतदानानें झाला. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा. 'राष्ट्रमत' विरुद्ध बाजूचा. विलीनीकरणास विरोध करणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, आमची भाषा कोकणी आहे, आम्ही निराळे आहों. आणि हें म्हणणें त्यांनीं हिंदु बहुजनांपुढें मांडलें तें कोणत्या भाषेंत? मराठींत! चंद्रकांत केणी यांचें 'राष्ट्रमत' मराठी, आणि त्यांत उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नांवाचें जें जळजळीत सदर लिहीत तेंहि मराठी. कारण साधें होतें. बोलणें कोकणींत असलें तरी ज्या लोकांची मनें वळवावयाचीं होतीं ते शाळेंत मराठी वाचावयास शिकले होते. जिची मूठ त्या शाळांस पोहोंचली होती त्या गृहिणीनें असा विचारहि केला नसेल कीं, साठ वर्षांनीं एका राज्याच्या भवितव्याचा वाद तिच्या तांदळावर शिकलेल्यांच्या भाषेंत लढला जाईल. मतदानांत विलीनीकरणाच्या विरुद्ध १,७२,१९१ व बाजूनें १,३८,१७० मतें पडलीं. निकाल कोणास गोड लागला, कोणास कडू. आम्हांस त्यांत शिरावयाचें नाहीं.

याची दुसरी बाजू पाहूं. 'ओ हेराल्दो' हें पोर्तुगीज दैनिक १९०० सालीं निघालें. गोव्यांतील तें पहिलें दैनिक. मुक्तीनंतर त्यास कोणीं बंद केलें नाहीं. परंतु पोर्तुगीज शाळा संपल्या होत्या. जुने वाचक एकेक करून जात चालले, नवे येण्याची वाटच उरली नव्हती. अखेर १९८३ सालीं तें पत्र इंग्रजी झालें व आजहि त्या रूपानें चालू आहे. शाळा बंद झाल्यापासून पत्राची भाषा बदलेपर्यंत बावीस वर्षें लागलीं. झाडाचें मूळ तोडलें तरी पानें कांहीं दिवस हिरवीं दिसतात, तसा हा प्रकार आहे. आणि हिरवीं पानें पाहून आपण निर्धास्त राहतों.

तिसरें उदाहरण अधिक नाजूक आहे. १९८७ हें गोव्याच्या आयुष्यांतील मोठें वर्ष. त्या वर्षी फेब्रुवारींत नागरी लिपींतील कोकणी ही राजभाषा ठरली, मराठीचाहि सरकारी कामांत उपयोग करण्याची तरतूद झाली, आणि ३० मे रोजीं गोव्यास घटक राज्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी 'सुनापरान्त' हें नागरी लिपींतील कोकणी दैनिक सुरू झालें. पुढें १९९० सालीं सरकारनें असें धोरण घेतलें कीं, प्राथमिक शाळेस अनुदान पाहिजे तर माध्यम कोकणी किंवा मराठी असावें. तेव्हां ख्रिस्ती संस्थांच्या पुष्कळ इंग्रजी प्राथमिक शाळा कोकणी माध्यमाच्या झाल्या. वरकरणी पाहतां कोकणी पत्रास याहून चांगला मुहूर्त कोणता? परंतु शाळेंतील कोकणी नागरी अक्षरांत, आणि त्या मुलांच्या आईबापांच्या हातांतली कोकणी रोमन अक्षरांत. १९३३ पासून निघणारें 'वावराड्यांचो इश्ट' हें साप्ताहिक रोमन लिपींतच घरोघर वाचलें जातें. मूल चौथीपर्यंत नागरी गिरवी, पांचवींत इंग्रजीकडे वळे, आणि घरीं आईच्या हातांतलें पत्र पाही तों तिसरेंच अक्षर. शाळेनें जी लिपि शिकविली ती घर वाचीत नव्हतें. घर जी वाचीत होतें ती शाळा शिकवीत नव्हती. 'सुनापरान्त' २०१५ सालीं बंद पडलें. पत्र बंद पडण्यास पैशाचीं कारणें असतातच, आणि पुढें 'भांगरभूंय' हें नवें कोकणी दैनिक निघालें हीहि आनंदाची गोष्ट. परंतु घर व शाळा यांच्यामधली ती फट बुजली नाहीं तोंवर कोणत्याहि संपादकाची मेहनत अर्धी वायां जाणार, असें आमचें स्पष्ट मत आहे.

२०११ सालीं तेथील सरकारनें इंग्रजी प्राथमिक शाळांसहि अनुदान देण्याचें ठरविलें. त्यावर मोठें वादळ उठलें, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या. पण आईबापांचा ओढा एकदां वाहूं लागला तो थांबला नाहीं. आज गोव्यांतील कित्येक मराठी प्राथमिक शाळांची पटसंख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे व कांहीं बंदहि झाल्या. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत आम्ही एक दुपार घालविली. १८३२ सालीं स्थापन झालेलें हें ग्रंथालय आतां कृष्णदास शामा यांच्या नांवानें ओळखलें जातें. इमारत भव्य, स्वच्छ, हेवा वाटावा अशी. मराठी वर्तमानपत्रांपुढें जीं माणसें बसलीं होतीं त्यांत पन्नाशीच्या आंतलें एकहि आम्हांस दिसलें नाहीं. तरुण मंडळी वरच्या मजल्यावर परीक्षांच्या पुस्तकांत बुडालेली. एका दुपारच्या पाहण्यावरून सिद्धांत बांधूं नये हें आम्हांस कळतें. तरी डिचोलीची सकाळ आणि ही दुपार आमच्या मनांत एकमेकींशेजारीं येऊन बसली. तेथील रकान्यांत 'लोकमत'ची गोवा आवृत्तीहि होती. हें नांव प्रथम वृत्तपत्राच्या कपाळीं लागलें तें आपल्या यवतमाळांत, वणीचे लोकनायक बापूजी अणे यांच्या साप्ताहिकामुळें. पुढें जवाहरलाल दर्डा यांनीं तें नांव पुनः चालविलें व १९७१ सालीं नागपुराहून दैनिक काढलें. आपल्या जिल्ह्यांतलें नांव समुद्राकाठीं पाहून क्षणभर बरें वाटलें; आणि लगेच मनांत आलें, आणखी वीस वर्षांनीं तें येथें कोण वाचील?

आतां पालकहो, तुम्ही विचाराल कीं, गोव्याचें गोव्यास. आपल्यास त्याचें काय? तर ऐका. उमरखेड-पुसदच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या आज सकाळीं आपल्या गांवांतूनहि मुलें भरून नेतात. आम्ही इंग्रजीचे वैरी नाहीं. इंग्रजी चांगली यावी, लहानपणापासून यावी, यासाठीं आम्हीं स्वतः वर्गांत घसा कोरडा केला आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, गोव्याच्या मुलानें मराठी-कोकणी वाचावयाचें सोडलें तरी त्याचें एका बाबतींत निभावेल, आपल्या मुलाचें तेवढेंहि निभावणार नाहीं. गोवा लहान आहे. तेथील इंग्रजी पत्रें डिचोलीच्या गटारापासून सांग्याच्या पुलापर्यंत सगळें छापतात; गांवची बातमी इंग्रजींतहि मिळते. आपल्याकडे काय स्थिति आहे? मुंबई-दिल्लीच्या कोणत्या इंग्रजी पत्रांत फुलसावंगीच्या ग्रामसभेची, महागांवच्या पंचायत समितीची, पैनगंगेच्या पुराची, पुसदच्या बाजारांतील कापसाच्या भावाची बातमी येते? आली तर मोठा अपघात घडल्यावर, चार ओळींत. आपल्या रस्त्याचा ठेका कोणास गेला, शाळेच्या खोल्यांचे पैसे कोठें अडले, विम्याची मुदत केव्हां संपते, हें जर कोणी छापत असेल तर तो तालुक्याचा मराठी वार्ताहर. ज्या मुलास तें पान झरझर वाचतां येत नाहीं, तो उद्यां वॉशिंग्टनची निवडणूक सांगेल, पण स्वतःच्या गांवाविषयीं त्यास दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागेल. आणि दुसरा जें सांगेल तें त्यास खरें मानावें लागेल.

"अहो, आतां मोबाईलवर सगळें दिसतें," असें एक गृहस्थ परवां पालकसभेंत म्हणाले. दिसतें खरें. परंतु मोबाईलवरची बातमी पुष्कळदां निनांवी असते. ती कोणीं लिहिली, कोठून निघाली, खोटी ठरली तर कोणास विचारावें, याचा पत्ता नसतो. छापील पत्राच्या अखेरच्या पानावर तळाशीं बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांचीं नांवें व पत्ता. १८६७ च्या कायद्यानें हीं नांवें छापणें आपल्या देशांत बंधनकारक झालें, आणि तो जाऊन २०२३ चा नवा कायदा आला तरी पत्रास कोणी धनी असावा हें तत्त्व कायम आहे. वर्तमानपत्रें खोटें छापीत नाहींत असें नव्हे. कांहीं तर जाहिरातदारांच्या दावणीस बांधलेलीं असतात हेंहि आम्ही जाणतों. पण दावा लावावयाचा तर नांव ठाऊक असतें. आमच्या वर्गांत पहिल्या दिवशीं मुलांस ही ओळ शोधावयास सांगतात. निम्म्या मुलांना ती सांपडत नाहीं, सांपडल्यावर मात्र निरोपाच्या रूपानें आलेली बातमी दाखवून तीं विचारतात, "सर, याची ओळ कोठें आहे?"

यंत्राविषयीं आणखी एक शब्द. या शतकाच्या आरंभीं गोवा सरकारनें शाळकरी मुलांना संगणक देण्याची योजना काढली. हेतु चांगला होता. पण २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हां सांगे तालुक्यांतल्या मुलांना धड्यासाठीं टेकडी चढावी लागली, कारण घरीं लहरी पोहोंचत नव्हत्या. आपल्या तांड्यांवरचीं मुलेंहि त्या वर्षी तशींच उंचवट्यावर जाऊन बसत होतीं, हें पालकांना आठवत असेल.

आतां आपल्या घरांकडे पाहूं. फुलसावंगींत सर्वांच्या घरची बोली मराठीच आहे असें नाहीं. तांड्यावर गोरमाटी, मोहल्ल्यांत उर्दू, आणि जुन्या मराठी घरांतली आपली वऱ्हाडी वळणाची बोली. पुस्तकांतली मराठी यांतल्या कोणाचीच बोली नव्हे. म्हणजे घर व शाळा यांच्यामधली फट आपल्याकडेहि आहे, केवळ ती कोणी मोजीत नाहीं. गोव्यानें ती दुर्लक्षिली म्हणून काय झालें तें वर सांगितलें. ती बुजविण्यास सरकारी फर्मान लागत नाहीं, रोजचीं वीस मिनिटें पुरतात, असा आमचा दोन वर्षांचा अनुभव आहे.

आठवीच्या वर्गांत आम्ही प्रार्थनेनंतर वीस मिनिटें वर्तमानपत्र वाचतों. अट दोनच. बातमी आपल्या तालुक्याची किंवा जिल्ह्याची असावी. आणि संध्याकाळीं ती घरीं, घरच्या बोलींत, कोणा तरी वडील माणसास सांगावी. आरंभीं मुलांस हा पोरखेळ वाटला. कांहीं जणांनीं न सांगतांच सांगितलें म्हणून ठोकून दिलें. मग गेल्या दिवाळीच्या सुमारास कापसाच्या सरकारी खरेदीसाठीं नांवनोंदणीची मुदत जवळ आल्याची बातमी एका आंतल्या पानावर, औषधाच्या जाहिरातीखालीं, कोपऱ्यांत आली होती. तांड्यावरून चालत येणारी एक मुलगी, वर्गांत कधीं तोंड न उघडणारी, तिनें ती वाचली व घरीं आजीस गोरमाटींत सांगितली. म्हातारीस अक्षरओळख नाहीं, परंतु शेताचा व्यवहार तीच पाहते. तिनें मुलीकडून बातमी तीनदां म्हणवून घेतली, तारीख बोटांवर मोजली, आणि दुसऱ्या दिवशीं कागदपत्रें पदरांत बांधून मुलीच्या बापास घेऊन तालुक्यास गेली. तांड्यावरच्या आणखी चार घरांनींहि मुदतीपूर्वीं नांवें नोंदविलीं. तेव्हांपासून ती म्हातारी संध्याकाळीं नातीची वाट पाहत ओट्यावर बसते. नात दारांत येतांच पहिला प्रश्न ठरलेला: आज कागदांत काय आलें? गेल्या महिन्यांत मुलीस ताप आला म्हणून ती दोन दिवस शाळेस आली नाहीं, तर तिसऱ्या दिवशीं आजीनें सक्त ताकीद देऊन पाठविलें कीं, मागचे दोन्ही अंक पाहून ये.

सध्यां वर्गांत दोन मराठी दैनिकें येतात व त्यांचें बिल शिक्षक आपसांत वर्गणी काढून देतात. मोहल्ल्यांतल्या मुलांसाठीं एक उर्दू पत्र हवें आहे. तें टपालानें दोन दिवस उशिरां येईल, पण चालेल. ज्या पालकांच्या घरीं वर्तमानपत्रें येतात त्यांनीं तीं रद्दींत घालण्यापूर्वीं आठवड्यांतून एकदां मुलांबरोबर वर्गांत पाठवावीं; मुलें त्यांतून गांवच्या बातम्यांचीं कात्रणें काढून वहींत चिकटवितात. वही नंबर एक भरली असून ती ग्रंथालयाच्या कपाटांत आहे. पालकांनीं शनिवारीं दुपारीं येऊन ती जरूर पाहावी. वही नंबर दोन जूनमध्यें सुरू होईल.